घरचे काम व घरचे लेकरू

(वाचकांनी प्रथम उत्पत्ती ३३ : १२ ते १४ ही वचने वाचून मग हा लेख वाचावा.)

बरे व वाईट ह्यांमध्ये निवड करणे जड गेले तरी तेथे वाट उघड दिसत असते. परंतु एक बरे काम दुसऱ्या बऱ्या कामाच्या आड येते तेव्हा चांगली चांगली माणसेही गोंधळून जातात. दोन्ही कर्तव्ये देवाने नेमिलेली. दोन्ही एकाच वेळी दारात उभी. आणि हात तर दोनच. अशाच एका ओढाताणीविषयी आज आम्ही चार शब्द लिहितो. पोटासाठी घरी बसून मजुरी किंवा नोकरी करणाऱ्या आईबापांनी त्याच घरातील लहान लेकरांचा सांभाळ कसा करावा, आणि दोहोंपैकी एकात उणे पडले तर तो दोष कोणाच्या माथी येतो, हा तो प्रश्न होय.

खेड्यांतील आमचे कित्येक वाचक म्हणतील की, ही अडचण शहरवासीयांची आहे. आमच्या आयांनी बाभळीच्या फांदीस झोळी बांधून तीत लेकरू निजविले व दिवसभर खुरपणी केली. त्यात कोणास काही विशेष वाटले नाही. हे म्हणणे अर्धे खरे आहे. शेतात लेकरू रडताच बाई पात सोडून उठे, त्यास पाजी, आणि पुन्हा येऊन पात धरी. शेजारच्या पातीवर तिची सासू किंवा जाऊ असे. ती थोडी पुढे सरून हिचे उणे भरून काढी. शेत तिची वाट पाही. परंतु नगावर मजुरी मोजणारा ठेकेदार वाट पाहत नाही, आणि घड्याळाकडे पाहून काम घेणारी कचेरीही पाहत नाही. शिवाय हे काम आता खेड्यांपासून दूर राहिलेले नाही. सिन्नर, अहिल्यानगर, सोलापूर ह्या भागांत टेंभुर्णीची पाने व तंबाखू सुपात घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतून ज्या कन्या लग्न होऊन मुंबईच्या बाजूस गेल्या, त्यांपैकी पुष्कळांचा संसार आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या गावांत, भाड्याच्या एका खोलीत चालला आहे. म्हणून हा प्रश्न त्यांच्या आईबापांचा व त्यांच्या मंडळ्यांचाही आहे.

उल्हासनगर हे मुळात लष्करी छावणीचे ठिकाण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांतातून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांस सरकारने ह्याच बराकींत आसरा दिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते ह्या वसाहतीची कोनशिला बसविली गेली व तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी कॅम्प १ पासून कॅम्प ५ पर्यंत छावणीची जुनी नावे लोकांच्या तोंडी अजून आहेत. घरदार, दुकान, जमीन सर्व मागे टाकून आलेल्या ह्या लोकांनी हात पसरले नाहीत. बराकीच्या खोलीतच बायकांनी पापड लाटले, लोणची घातली; आणि पुरुषांनी ती बाजारात व आगगाडीत नेऊन विकली. तेव्हापासून एका छपराखाली चूल, पाळणा व धंदा ही ह्या गावाची रीतच होऊन बसली आहे.

कॅम्प ५ हा ह्या शहराचा अंबरनाथच्या बाजूस लागलेला भाग. तेथे व शेजारच्या कॅम्प ४ मध्ये पुढे जीन्सच्या विजारी शिवण्याचा धंदा वाढला. शिलाई कारखान्यात होते; परंतु शिवलेल्या विजारीचे सुटे दोरे कापण्यासारखे किरकोळ काम गठ्ठे बांधून घरोघर जाते. ते करणाऱ्या बहुतेक बायका आहेत, आणि मजुरी नगावर मिळते. जितके नग हातावेगळे होतील तितकेच पैसे. लेकरू तापाने फणफणले म्हणून गठ्ठा तसाच राहिला तर त्या दिवसाची मजुरी नाही, आणि पुढचा गठ्ठा शेजारच्या दारी जाण्याची भीती वेगळीच.

दुसऱ्या प्रकारचे घरकाम ह्याच गावांत अलीकडे आले. बदलापुराहून मुंबईचे शेवटचे स्टेशन सुमारे ६८ किलोमीटर दूर. तरी हजारो तरुण-तरुणी पहाटेच्या लोकलने तिकडे नोकरीस जातात. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी झाली व लोकल थांबल्या. १५ जून २०२० रोजी त्या पुन्हा धावू लागल्या, त्याही केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी. तेव्हा ज्यांचे काम संगणकावर होते त्यांची कचेरी घरी आली, आणि शाळा व अंगणवाड्या बंद असल्यामुळे लेकरेही घरीच राहिली. पुढे साथ ओसरली. परंतु लोक ज्यास 'वर्क फ्रॉम होम' म्हणतात ती रीत कित्येक कचेऱ्यांनी थोडीफार ठेविली आहे. विजारीचे दोरे कापणारी बाई व लॅपटॉपपुढे बसलेली बाई ह्यांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर असेल. परंतु पदर ओढणारे लेकरू दोघींच्याही मागे उभे आहे.

ह्या अडचणीस लोक दोन उत्तरे देतात. पहिले उत्तर असे : "बाई घरीच तर आहे! बाहेर जावे लागत नाही, हे तिचे भाग्यच. काम करिता करिता लेकरू पाहण्यास काय लागते?" दुसरे उत्तर असे : "आधी पोट, मग लाड. लेकरे काय, गवतासारखी आपोआप वाढतात." पहिले उत्तर बहुधा बाहेरून येते, दुसरे बहुधा घरातूनच येते. दोन्ही उलट सुलट दिसतात. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. लेकरू सांभाळणे हे काही काम नव्हे, ह्या समजुतीवर ती दोन्ही उभी आहेत.

पवित्र शास्त्राची समजूत तशी नाही. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायातील वृत्तांत आमच्या शब्बाथशाळेतील मुलांसही पाठ आहे. लव्हाळ्याच्या पेटाऱ्यातील बाळ फारोच्या कन्येस सापडले. बहिणीने धावत जाऊन त्याच्या स्वतःच्या आईसच दाई म्हणून बोलावून आणिले. ह्या कथेतील एका गोष्टीकडे आम्ही बहुधा लक्ष देत नाही. फारोच्या कन्येने त्या बाईस नुसते बाळ सोपविले नाही, वेतनही कबूल केले. म्हणजे मोशेच्या आईस स्वतःच्याच लेकरास पाजण्याबद्दल राजवाड्यातून मजुरी मिळाली. मूर्तिपूजक राजाच्या मुलीस जे समजले ते आम्हां ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांस समजू नये काय? बाळ सांभाळणे हे काम आहे. त्यास वेळ लागतो, बळ लागते, आणि त्याचे मोल आहे. ज्या घरात एक बाई दोरे कापते व लेकरूही पाहते त्या घरात ती एक काम करीत नसून दोन करीत आहे, आणि मजुरी मात्र एकाचीच घेत आहे.

एवढे मान्य केले म्हणजे पुढची पायरी आपोआप येते. एकच तास दोनदा विकता येत नाही. खळ्यावरील एकच पोते सकाळी एकास व दुपारी दुसऱ्यास विकणाऱ्यास आम्ही लबाड म्हणतो. परंतु घरातील बाईने एकच तास ठेकेदारास पुरा द्यावा व तोच तास लेकरासही पुरा द्यावा, अशी अपेक्षा आम्ही सर्व मिळून करितो. आणि तो न पुरला म्हणजे तिलाच बोल लावितो. नग कमी भरले तर ती आळशी. लेकरू पडले, भाजले, तर ती निष्काळजी. आम्ही विचारतो, येथे लबाडी कोणाची? मागितलेले देता न येणाऱ्या बाईची, की एका पोत्याचे दोन दाम मागणाऱ्यांची?

ह्या ओढाताणीत प्रथम लेकराची हानी होते. १ राजे २० ह्यात एका संदेष्ट्याने अहाब राजापुढे दृष्टांत मांडिला आहे. एका मनुष्याच्या ताब्यात कैदी दिला होता. तो मनुष्य इकडे तिकडे कामात गुंतला, आणि इतक्यात कैदी नाहीसा झाला. त्या मनुष्याने काही वाईट काम केले असे तेथे सांगितले नाही. तो केवळ गुंतलेला होता. घरातील लेकरूही असेच नाहीसे होते. ते खोलीतच असते, परंतु आईबापांच्या नजरेतून, बोलण्यातून, हळूहळू मनातूनही निघून जाते. जुन्या काळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कित्येक माता तान्ह्या बाळास अफू घातलेली बाळागोळी देत, म्हणजे ते दिवसभर गुंगीत पडून राही. त्या माता राक्षसी नव्हत्या. गिरणीचा भोंगा त्यांस थांबू देत नव्हता. आज तशी गोळी देणाऱ्या बाईस आम्ही तत्काळ दोष देऊ. परंतु दीड वर्षाच्या लेकराच्या हाती तासन्‌तास मोबाईल देऊन त्यास गप्प बसविणे ही आमच्या काळची बाळागोळी नव्हे काय? २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने असे सांगितले की, एक वर्षाच्या आतील बाळास पडद्यापुढे मुळीच बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एक तासाहून अधिक बसवू नये. कमी तितके बरे. लेकरू बोलावयास शिकते ते माणसाच्या तोंडाकडे पाहून, त्याने उत्तर दिले म्हणजे. पडदा बोलतो पुष्कळ, परंतु लेकराने हाक मारिली तर ओ देत नाही.

पुढे लेकरू चार-सहा वर्षांचे झाले म्हणजे ह्या घरात दुसरे संकट उभे राहते. जे कालपर्यंत कामात अडथळा होते ते आज कामाचा गडी होते. लहान बोटे दोरे चटचट तोडितात, विड्यांची तोंडे चटचट मिटतात, नग वाढतात, आईस हायसे वाटते. २०१६ सालच्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांस मजुरीस लावण्याची मनाई केली, परंतु कुटुंबाच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर व सुटीत, धोक्याचे काम नसेल तर, हातभार लावण्याची मोकळीक ठेविली. आईस भाकरी लाटू लागणे, वडिलांबरोबर शेळ्यांस पाला घालणे, ह्यांत आम्हांस काही वावगे दिसत नाही. तेणे मूल घराचे होते. परंतु ठेकेदाराचा गठ्ठा हा घरचा धंदा नव्हे. तो दुसऱ्याचा धंदा घरात आलेला आहे. त्यावर मुलास बसविणे म्हणजे कायद्याची पळवाट शोधणे होय. आणि विडीची तंबाखू तर मुलाच्या श्वासापाशी आणूच नये. ज्या घरात मुलाच्या अभ्यासाच्या वेळी त्याच्या पुढ्यात नग पडतात, त्या घराने उद्याची भाकरी आजच खाल्ली असे समजावे.

आता कामाची बाजू पाहू. कारण ती उणी लेखणे हेही आमच्या धर्माचे नव्हे. प्रेषित पौल करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू करण्याचे काम करीत असे. ते घरच कारखाना होते, व पुढे अशा घरांतच मंडळी जमू लागली. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पौल आपल्या रात्रंदिवसाच्या कष्टांची आठवण देतो, आणि त्याच अध्यायात आपणास लेकरांस पोशिणाऱ्या आईची व नंतर बापाचीही उपमा देतो. म्हणजे कष्टाचे हात व मायेचे हात हे वैरी आहेत असे त्यास वाटले नाही. म्हणून लेकरासाठी काम टाकावे, बाईने मिळकतच सोडावी, असा उपदेश आम्ही करीत नाही. तिच्या मिळकतीवर खोलीचे भाडे व शाळेची फी अवलंबून असते. आणि हाती चार पैसे असलेल्या बाईचा शब्द घरात ऐकला जातो, हेही काही थोडे नव्हे. तसेच कचेरीचा पगार घेऊन कचेरीस फसविणे, किंवा अर्धवट कापलेले नग चांगल्या नगांत मिसळून देणे, हेही ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही. काम खरे, लेकरूही खरे. तर मग करावे काय?

आम्ही आरंभी जी वचने वाचावयास सांगितली ती येथे कामास येतात. वीस वर्षांच्या वैरानंतर याकोब व एसाव भेटले. एसाव म्हणाला, चल, आपण बरोबर जाऊ. एसावाबरोबर चारशे माणसे होती, सडी, चपळ. याकोबाने नम्रपणे नाकारिले. त्याचे कारण असे की, आपली लेकरे कोवळी आहेत, मेंढरे व गुरे पाजती आहेत. एक दिवस जरी त्यांस जोराने हाकिले तरी कळप मरून जाईल. म्हणून धन्याने पुढे व्हावे. आपण लेकरांच्या चालीने, त्यांस सोसेल तसे हळूहळू येऊ. ह्या उत्तरात याकोबाचे काही धोरण होते, असे टीकाकार म्हणतात, आणि ते असेलही. तरी त्यात एक मोठा नियम सापडतो. वाट चालणे सोडावयाचे नाही, लेकरे मागे टाकावयाची नाहीत, चाल बदलावयाची. घराची चाल त्या घरातील सर्वांत लहान पायांनी ठरवावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेकरांकडे पाहून चाल मंद करणारा ह्या कथेत बाप आहे. हे काम त्याने लेआ व राहेल ह्यांच्यावर टाकून आपण एसावाबरोबर पुढे गेला नाही. परंतु आमच्या घरांत काय दिसते? नवऱ्याचे काम घरी आले म्हणजे त्यास दार लावून बसावयास कोपरा मिळतो, व लेकरास सांगतात, बाबांस त्रास देऊ नको. बायकोचे काम घरी आले म्हणजे तिच्या मांडीवर लॅपटॉप व लेकरू दोन्ही. आणि जेथे नवऱ्यास काम नाही तेथेही तो चौकात बसतो व ती गठ्ठ्यापुढे बसते. लेकरू उचलिल्याने पुरुषाची अब्रू जाते असे मानणारे पुष्कळ आहेत. मार्काच्या दहाव्या अध्यायात शिष्यांनीही असेच मानिले होते. लेकरे हे मोठ्या माणसांच्या कामातील विघ्न, म्हणून त्यांनी आणणाऱ्यांस दटाविले. प्रभूस ह्याचा राग आला, असे शास्त्र सांगते. मग त्याने लेकरांस कवेत घेतले. राज्याचे एवढे मोठे काम ज्याच्या अंगावर होते त्याचे हात त्या घटकेस लेकरांनी भरले होते. आणि त्याची अब्रू गेली नाही.

चाल बदलण्याचे दुसरे ओझे काम देणाऱ्यावर आहे. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर ठेवावे असे ठरले, आणि रजेनंतर घरून काम करण्याची सोय परस्पर संमतीने व्हावी असेही म्हटले. हे चांगले झाले. परंतु पन्नास बायका पन्नास खोल्यांत बसून एकाच शेठचे दोरे कापीत असतील तर तेथे पाळणाघर कोण ठेवणार? घरी काम करणाऱ्यांस इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली केला. आमच्या देशाने तो अद्याप स्वीकारिलेला नाही. तोवर आमच्या लोकांपैकी जो कोणी स्वतः गठ्ठे वाटतो, किंवा हाताखाली चार माणसे ठेवितो, त्याने तरी कायद्याची वाट पाहू नये. आजारी लेकराच्या आईस एक दिवस अधिक देणे व त्याबद्दल तिचा पुढचा गठ्ठा न तोडणे, एवढे त्याच्या हातात आहे.

तिसरे ओझे मंडळीवर आहे, आणि ह्याविषयी आमच्याच मुलखात चांगले कित्ते आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मुक्ती सदन उभारिले तेव्हा विणकाम, छापखाना, शेती, स्वयंपाक ही सर्व कामे व निराधार लेकरांचा सांभाळ एकाच आवारात चालत असे. तेथे एका बाईच्या अंगावर दोन्ही ओझी नव्हती. एकीच्या हाती माग असे तेव्हा दुसरीच्या कडेवर लेकरू असे. १९४५ साली ताराबाई मोडक ह्यांनी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी, अनुताई वाघ ह्यांस बरोबर घेऊन खेड्यांतील लहान मुलांसाठी काम आरंभिले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली, हीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने बालविकासाची जी योजना देशभर चालविली तिच्या केंद्रांस हेच नाव मिळाले. शाळेस येऊ न शकणाऱ्या लेकरास दोष न देता शाळेनेच आपली चाल बदलावी, हा याकोबाचाच नियम होय.

तसेच १५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड करण्यास आरंभ केला. त्या कामाची आज लिज्जत पापड म्हणून सर्वत्र ख्याती आहे, व त्यात चाळीस हजारांहून अधिक बायका आहेत. तेथे मळलेले पीठ घरी न्यावे, आपल्या सोयीने लाटावे, व पापड परत आणून द्यावे अशी रीत आहे. कामही घरचेच, आणि मजुरीही मापावरच. मग कॅम्प ५ मधील गठ्ठ्यात व ह्यात भेद कोणता? भेद हा की, तेथे काम करणाऱ्या बायकाच धंद्याच्या धनी आहेत. नफ्यात त्यांचा वाटा आहे. त्या एकमेकींस बहीण म्हणतात. एकटी बाई ठेकेदारापुढे बोलू शकत नाही. परंतु बहिणी मिळून आपली चाल आपण ठरवू शकतात.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, हे सर्व ठीक. पण ज्या घरी उद्याचे पीठ नाही त्या घरी चाल मंद करावी कशी? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उपाशी मनुष्यास धीमेपणाचा उपदेश करणे हे याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात निषेधिलेलेच पाप होय. तेथे उघड्यानागड्यास नुसत्या आशीर्वादाने वाटेस लावणाऱ्याचा धिक्कार आहे. म्हणूनच आम्ही त्या बाईस म्हणत नाही की, तू चाल मंद कर. आम्ही तिच्या नवऱ्यास, तिच्या शेठास व तिच्या मंडळीस म्हणतो की, तुम्ही तिच्या चालीने चाला. आणि त्या बहिणीस एवढेच सांगतो की, एखाद्या दुपारी गठ्ठा पुरा करिता करिता लेकरू थोडे रडले, तर तू पापीण झाली नाहीस. देव तुझा हिशेब नगावर करीत नाही. बेथानीच्या मार्थेची प्रभूने कानउघाडणी केली ती तिने स्वयंपाक केला म्हणून नव्हे. तिने पुष्कळ गोष्टींची चिंता एकटीने उरात धरिली होती म्हणून. त्या प्रसंगीही मदतीस बोलावण्याची तिची इच्छा खोटी होती असे आम्हांस वाटत नाही.

ह्यास्तव उपदेशकांस, बायबल-बायांस व मंडळीच्या वडिलांस आमच्या चार सूचना आहेत. त्या लहान आहेत, परंतु केल्या असता फळ देतील.

पहिली. प्रत्येक घरात दिवसातील एक ठरलेला वेळ, मग तो अर्धा तास का असेना, असा असावा की त्यात गठ्ठा बांधून ठेवावा, लॅपटॉप मिटावा, मोबाईल फळीवर ठेवावा, आणि आईबापांनी लेकरांपाशी बसावे. कौटुंबिक प्रार्थनेस लागूनच हा वेळ ठेविला तर तो टिकतो.

दुसरी. बापाने आपल्या वाट्याचे तास नेमून घ्यावे. "लागेल तेव्हा मदत करीन" असे म्हणणारा कधी करीत नाही. त्या तासांत लेकरू त्याचे; भूक, रडे, शी-शू सर्व त्याचे; आणि त्या वेळी बायकोने काम करावे किंवा निजावे.

तिसरी. जेथे चार-पाच ख्रिस्ती घरे जवळ आहेत तेथे पाळीपाळीने एकीने सर्वांची लेकरे सांभाळावी, व इतरांनी त्या वेळात आपापले गठ्ठे उरकावे. सांभाळणारीस तिच्या बुडालेल्या मजुरीबद्दल सर्वांनी मिळून थोडे थोडे द्यावे. फारोच्या कन्येने दिले. आम्ही का देऊ नये? उपासनेची खोली आठवड्यातील सहा दिवस कुलूप लावून ठेविलेली असते; तिचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही. मात्र दार, पाणी, विजेची बटणे, जिना ह्यांची आधी नीट पाहणी करावी, आणि ज्याच्यावर सर्व आयांचा विश्वास आहे अशाच मनुष्याच्या हाती लेकरे द्यावी.

चौथी. खेड्यातील आजी-आजोबांनी शहरातील लेकीकडे जावे तेव्हा पाहुणे म्हणून जाऊ नये. तिच्या घरात काय चुकते हे मोजण्यास तर मुळीच जाऊ नये. दोन आठवडे नातवंडे मांडीवर घ्यावी, त्यांस आपल्या बोलीतील गोष्टी सांगाव्या, शास्त्रातील कथा सांगाव्या. दाई ठेवण्याची ऐपत नसलेल्या घरास ह्यासारखा दुसरा आहेर नाही.

गृहभेटीस जाणाऱ्या आमच्या सेवकांस आणखी एक विनंती आहे. अशा घरी गेल्यावर बाई गठ्ठ्यापुढून उठली नाही म्हणून रागावू नका. तिने हातातील काम चालू ठेवूनच प्रार्थना ऐकिली तर ती अनादर करीत नाही. उलट, प्रार्थना आटोपल्यावर लगेच उठू नका. तिचे लेकरू घटकाभर आपल्या मांडीवर घ्या, आणि तिला म्हणा, "बाई, ह्यास आम्ही पाहतो, तुम्ही तेवढे नग पुरे करा." त्या घटकेत तिचे दहा नग अधिक होतील. आणि लेकरास कवेत घेणाऱ्या प्रभूची ओळख त्या खोलीतील सर्वांस, आपल्या भाषणाहून कदाचित अधिक, पटेल.